नाचाच्या बाकावरचे वार्निश

मित्रांनो, माझ्यावर कोणी बसायला आले की मला हसू येते. मी एक जुना बाक आहे खरा, पण बसण्यासाठी माझा जन्म झालेला नाही. माझी रुंदी जेमतेम वीतभर. माझ्यावर धड मांडी टेकत नाही की पाय दुमडता येत नाहीत. मी नाचाचा बाक आहे. फिलिपिन्समधल्या आमच्या लिंगायेनच्या खाडीकाठी जोडपी बाकावर उभी राहून नाचतात. तो एका टोकाकडून येतो, ती दुसऱ्या टोकाकडून. मध्यावर भेटले की तो तिची कंबर धरतो, ती त्याच्या खांद्यावर हात टेकून उडी घेते आणि दोघे टोके बदलतात. हे सारे वीतभर जागेत आणि अनवाणी पायांनी.

माझ्यावर बरीच वर्षे एक आळ होता. लुमेनला मी पाडले असे सारा गाव म्हणायचा. मी डगमगलो, माझा पाय सैल होता, असे लहान मुलेसुद्धा सांगायची. लुमेन पडली तेव्हा ती मुले जन्मलीही नव्हती. मला तोंड नाही म्हणून इतकी वर्षे मी ऐकून घेतले. आज तुम्ही जवळ आला आहात, तर खरे काय घडले ते ऐका.

मला अम्बो सुताराने घडवले. लुमेन त्याची एकुलती एक मुलगी. आई नसलेली, हट्टी आणि वाऱ्यासारखी चपळ. ती मिठागराच्या अरुंद बांधावर नाचायची आणि दिवसाआड खाऱ्या पाण्यात धपकन पडायची. ओले कपडे धुऊन धुऊन अम्बो कंटाळला. वादळात मोलावेचे एक झाड आडवे झाले होते. फार कठीण लाकूड, त्याच्यापुढे करवतीचे दात बोथट होतात. अम्बोने ते घरी आणले, पावसाळाभर सुकवले आणि त्यातून मला काढले. एकही खिळा मारला नाही. चारही पाय भोके पाडून ठोकून बसवले, लाकडाच्या खुंट्यांनी घट्ट केले. मग तो स्वतः माझ्यावर चढला, बदकासारखा थयथय नाचला आणि ओरडला, "लुमेन, ये गं! आता पडलीस तर कोरड्यात पडशील!"

लुमेन तेव्हा पडली नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षे पडली नाही.

नाचाच्या बाकाला आमच्याकडे तेल लावत नाहीत, रंग लावत नाहीत. त्याला फक्त पान लावतात. खरवतीचे पान तुम्ही हातात घेतले आहे का? मांजराच्या जिभेसारखे खरखरीत असते. नाचाआधी एकाने या टोकापासून त्या टोकापर्यंत बाक पानाने घासायचा. त्याने लाकडाचे तोंड उघडे राहते आणि तळवा धरून ठेवते. घासून झाले की दुसऱ्याने विचारायचे, "पान?" आणि घासणाऱ्याने म्हणायचे, "फिरवलं." एवढे बोलणे झाल्याशिवाय कोणी बाकावर पाय ठेवत नाही. शब्द लहान आहेत, पण एका माणसाची हाडे दुसऱ्या माणसाच्या त्या शब्दावर विसंबून असतात.

लुमेनचा जोडीदार होता नातो. शेजारचाच, मासे पाळणाऱ्यांचा मुलगा. दिसायला उमदा, पण पाय जड.

"नातो, तुझे पाय आहेत की होडीची वल्ही?" लुमेन त्याला चिडवायची.

"वल्ही तर वल्ही. तू बुडताना कामाला येतील," तो म्हणायचा.

"बुडणार कोण? मी? अरे, बाक पुसायला तरी नीट शीक आधी!"

ती दोघे भांडत, हसत आणि नाचत. अम्बो पान फिरवायचा, लुमेन विचारायची, तो सांगायचा. माझे अंग वर्षानुवर्षे घासून काळपट आणि मऊ झाले होते. तरी निसरडे मात्र कधी झाले नव्हते. गावाच्या जत्रेत लोक आम्हाला बघायला होड्या करून येत. बायका मला हात लावून म्हणत, "अम्बो, तुझ्या बाकात जीव आहे रे!" खोटे कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा. मी समजत होतो की आम्ही चौघे एकच आहोत.

मग एका वर्षी जत्रेला मनिलाहून पाहुणे येणार अशी बातमी आली. ते गावोगावच्या नाचांतून जोड्या निवडणार होते आणि निवडलेल्यांना दूरदेशी घेऊन जाणार होते. गावात नुसती धांदल उडाली. चर्चमधल्या बाकड्यांना नवे वार्निश लागले, वाटेवरचे दगड चुन्याने रंगवले गेले. नेमका त्याच आठवड्यात अम्बो तापाने पडला. माझी निगा त्याने नातोवर सोपवली.

नातोने मला अंगणात उन्हात ठेवले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला.

"एवढे मोठे पाहुणे येणार, आणि आम्ही हा मळका ओंडका घेऊन जायचं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

चर्चमधले वार्निश डब्यात थोडे उरले होते. ते त्याने आणले आणि माझ्या अंगावर जाडसर हात मारला. एकदा वाळले, पुन्हा मारला. मित्रांनो, तो दुष्टपणाने वागला असे मी म्हणणार नाही. त्याला माझी लाज वाटली. आपल्या माणसाला आपली लाज वाटते तेव्हा काय होते, हे ज्याला कळले त्यालाच कळले.

जत्रेच्या दुपारी मी मांडवात आरशासारखा चमकत होतो. नातोने खिशातून खरवतीचे पान काढले. माझ्या टोकाशी आणले. मग तो थांबला, कारण पान फिरवले असते तर चकाकीवर ओरखडे उठले असते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि पान पुन्हा खिशात ठेवले. मला ते लागलेच नाही.

तेवढ्यात लुमेन आली. फुगीर बाह्यांचा पांढरा पोशाख, केसांत मोगऱ्यासारखी सांपागिताची फुले. गिटारी सुरू झाल्या होत्या, पाहुणे खुर्च्यांवर सावरून बसले होते, आणि तिचे सगळे लक्ष त्यांच्याकडे होते. तिने चप्पल काढता काढता सवयीने विचारले, "पान?"

"फिरवलं," नातो म्हणाला.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

सुरुवातीला तिच्या तळव्यांना मांडवातली धूळ होती, तेवढ्यावर निभावले. लोकांनी टाळ्या दिल्या. मग घाम आला. मध्यावर नातोने तिची कंबर धरली, ती उडाली, आणि उतरताना तिचा डावा पाय माझ्यावरून असा सरकला की जणू मी शेवाळलेला दगड होतो. ती खाली पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, अगदी जवळून.

आणि त्या गोंधळात सगळ्यांत आधी नातोचा आवाज उठला. "बाक डगमगला! बाक डगमगला!"

मी हललोही नव्हतो.

संध्याकाळी अम्बो तापलेल्या अंगाने काठी टेकत आला. मांडव रिकामा होता. त्याने मला दोन्ही हातांनी हलवून पाहिले. मी जागचा ढळलो नाही. मग त्याने माझ्यावरून तळवा फिरवला आणि तो तळवा नाकाशी नेला. त्याला सगळे कळले. मला वाटले, आता माझा बाप बोलेल.

नातो त्याच्या मागे येऊन उभा राहिला होता. तो रडत होता.

"ताताय, तुम्ही मला बापासारखे, मी तिच्याशी लग्न करीन," तो म्हणाला. "तिला आयुष्यात काही कमी पडू देणार नाही. पण तिला कळलं, तर ती माझं तोंडसुद्धा बघायची नाही."

अम्बो जमिनीवर टेकला. त्याला स्वतःच्या मागे त्या पाय मोडलेल्या पोरीला कोण, ही चिंता होती. बाहेर लोक जमले होते. तो उठला, दारात गेला आणि म्हणाला, "पाय सैल होता. माझ्याच हातचं काम कच्चं निघालं."

ज्या हातांनी माझ्या खुंट्या ठोकल्या, त्याच माणसाने माझे सांधे कच्चे ठरवले. त्या दिवसानंतर त्याला कोणी मोठे काम दिले नाही. ते त्याने मुकाट सोसले आणि काही वर्षांनी तसाच गेला. त्याचे दुःख मी समजू शकतो. तरी सांगतो, नातोच्या खोट्यापेक्षा अम्बोचे खोटे मला जास्त लागले. नातोने मला ओळखलेच नव्हते, अम्बोने तर मला घडवले होते.

त्यानंतर लुमेनने मला पाहिले ते खाटेवरून, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात. तिचा पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला होता.

"तुझ्यावर मी माझ्या पायांपेक्षा जास्त भरवसा ठेवला," ती मला म्हणाली. "काढा रे हा माझ्या डोळ्यांसमोरून!"

मला मिठाच्या कोठारात टाकले. माझ्यावर मिठाच्या ओल्या टोपल्या ठेवत. वरून सतत खारे पाणी गळायचे. वार्निश सुटले, पापुद्रे निघाले, आणि हळूहळू माझे वरचे अंग पुन्हा पूर्वीसारखे उघडे पडले. मोलावेला खाऱ्या पाण्याने काही होत नाही. मला जे कुरतडत होते ते वेगळेच होते. लुमेन आणि नातोचे लग्न झाल्याचे, त्यांना मुलगी झाल्याचे मी टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले. मला भेटायला त्यांच्यापैकी कोणीही आले नाही.

मग एका सकाळी दार उघडले आणि एक मुलगी आत आली. उभी राहण्याची तऱ्हा हुबेहूब लुमेनची.

"आई! बाक इथेच आहे! मी यावरच शिकणार!"

ही त्यांची जोव्हेल. तिच्यामागे लुमेन पाय ओढत आली, आणि तिच्यामागे करवत घेऊन नातो.

"वेडी आहेस का?" नातो म्हणाला. "याने तुझ्या आईचा पाय मोडला. आजच चिरून चुलीत घालतो. नवा बाक आणू की तुला, हवा तसा रुंद."

"रुंद बाकावर तर आपली म्हैसही नाचेल, बाबा!"

नातोने मला उलटे पाडले आणि पायावर करवत टेकवली. मी मनात म्हटले, संपू दे एकदाचे.

"थांब," लुमेन म्हणाली.

ती वाकली. माझ्या खालच्या कडेला, जिथे खारे पाणी पोचले नव्हते, तिथे वार्निशचे ओघळ गोठून बसले होते. पिवळट, मधासारखे मणी. तिने एक मणी नखाने खरवडला. दर रविवारी ती चर्चमध्ये ज्या बाकड्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करते, त्याचा रंग हाच. नाचाच्या बाकावर हा रंग कधी आणि कोणी चढवला असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दुपारी बाक कोणाच्या ताब्यात होता, ते तिला चांगले ठाऊक होते. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. त्याने करवत खाली ठेवली.

कोठारात फक्त टोपल्यांतले पाणी ठिबकत होते.

लुमेनने मला सरळ केले आणि मुलीला म्हणाली, "चढ वर. उड्या मार."

जोव्हेलने दाणदाण उड्या मारल्या. मी तसूभर हललो नाही.

"अगं आई, हा तर कुठेच डगमगत नाही! मग तू पडलीस कशी?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नाची मी किती वाट पाहिली होती! लुमेन आता सांगेल, माझे नाव धुऊन निघेल. नातोचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला होता.

"माझाच पाय घसरला," लुमेन म्हणाली. "बाकाचा काही दोष नव्हता. आजोबांचाही नव्हता. गावात सांग सगळ्यांना."

म्हणजे मी निर्दोष ठरलो, पण तेही एका खोट्याने, आणि ते खोटे तिने स्वतःच्या अंगावर घेतले. जिचा पाय गेला तिनेच दोषही उचलला. मला आनंद झाला नाही. मला सुटका नको होती, मला खरे हवे होते. माझ्या तिन्ही माणसांकडे ते होते, आणि तिघांनीही ते घशाखाली ढकलले.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या घरात मुक्या वस्तू असतील, मुकी जनावरे असतील, उलट न बोलणारी माणसेही असतील. काही मोडले, काही सांडले की चटकन त्यांच्याकडे बोट दाखवू नका. ती तुम्हाला खोटे पाडणार नाहीत. पण ती सारे पाहत असतात.

लुमेन कोठाराबाहेर गेली आणि खरवतीचे एक पान तोडून घेऊन आली. ते तिने नातोच्या हातात दिले.

"जोव्हेल शिकेल तोवर पान तू फिरवायचंस," ती त्याला हळूच म्हणाली. "रोज. मी इथे बसून बघणार."

नातो गुडघ्यांवर बसला आणि मला घासू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोव्हेलने चप्पल काढली, एक पाय उचलला आणि आईने शिकवल्याप्रमाणे विचारले, "पान?"

"फिरवलं" हा शब्द नातोच्या ओठांशी येऊन थांबला. त्याने एकदा लुमेनकडे पाहिले, मान खाली घातली आणि पहिल्या टोकापासून मला पुन्हा घासायला सुरुवात केली.