उलगड्याचा कागद

फोडी नऊ होत्या, आणि एकीवरही पांढरा दोरा नव्हता. कुणीतरी ते दोरे नखानं, एकेक करून, घाई न करता काढलेले होते, आणि नेमकं हेच तिला खटकत होतं. नुसतं संत्रं प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलावर असतं तर कुणी विसरलं म्हणता आलं असतं. सोललेलं असतं तर अर्धं खाऊन उठलं म्हणता आलं असतं... पण दोरे? दोरे कोण काढतं कुणासाठी? आई काढते, तेही ताप असला तर.

फोडींखाली कागद होता. ‘चार वाजता मागच्या पायऱ्यांवर ये. जरा बोलायचंय.’ अक्षर पोस्टमनचं.

पोस्टमन म्हणजे तिच्याच वर्गातला मुलगा. पहिल्या वर्षी प्रयोगासाठी पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं त्यानं गावभर मुद्दाम ‘हरवली’ होती, कोण उचलून पेटीत टाकतं ते पाहायला; तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बावीस दिवसांपूर्वी वाचनालयाच्या जिन्यात तिनं त्याला विचारलं होतं—तू मला आवडतोस, रविवारी दोघंच कुठं जाऊ या का—आणि त्यानं क्षणभर तिच्याकडे निरखून पाहून, अगदी सभ्यपणे, “नको. बरं वाटलं विचारलंस, पण नको,” असं म्हटलं होतं. त्यानंतर बावीस दिवस जेवढ्यास तेवढं. आणि आज संत्रं.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळणारे मामा कपाटं पुसत होते. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण आलं होतं इथं?

“पोस्टमन,” मामा म्हणाले. “चांगला पाऊण तास सोलत बसला होता. म्हटलं, एक फोड इकडे सरकव. तर म्हणतो, मामा, तुम्हाला साखर वर्ज्य आहे. माझ्या बायकोला फितूर झालाय मेला.”

पाऊण तास! मामांना सांगून ठेवलं असेल असं बोलायला. मामांना सगळेच सांगून ठेवतात. मागच्या वर्षी कुणाच्या तरी प्रयोगासाठी शिडीवरून पडल्याचं सोंग त्यांनी अकरा वेळा वठवलं होतं, अकराही वेळा निराळं कण्हून. मानसशास्त्राच्या या विभागात शिकायचं म्हणजे हेच. माणसाला न सांगता त्याच्यासमोर काहीतरी मांडायचं, तो काय करतो ते टिपायचं, आणि काम संपलं की त्याला शेजारी बसवून सगळं सांगून टाकायचं, पिवळा कागद वाचून दाखवायचा, खाली त्याची सही घ्यायची. त्याला सगळे उलगडा म्हणतात. आणि उलगड्याची सुरुवात, शिकवल्याप्रमाणे, प्रत्येक जण एकाच वाक्यानं करतो: जरा बोलायचंय.

म्हणजे हे तेच. नकार दिलेल्या माणसाशी अचानक गोड वागलं तर तो काय करतो... विषय वाईट नाही. विषय ठरवून देणाऱ्या बाईंनी मंजूरही केला असेल. मला मात्र कुणी काही सांगितलं नाही. कसं सांगतील, मीच तर त्या प्रयोगातली बाहुली.

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, हे ठीक; पण ती हल्ली पाणीसुद्धा फुंकून पीत होती. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं तिला खिडकीची जागा दिली तेव्हा बसायचं सोडून तिनं आधी मागं कोण वही घेऊन बसलंय ते पाहिलं होतं. रस्त्यात किल्ली सापडली तर उचलायची नाही. फुकटचं हसू आलं तर परत द्यायचं नाही. आणि एवढं करूनही सुखं येतच होती, ती काही तिची परवानगी मागत नव्हती. दुपारी वाचनालयात खिडकीजवळची खुर्ची रिकामी मिळते, पाठीवर ऊन येतं, पेन्सिलीला नुकतं टोक केलेलं असतं, आणि सबंध पानभर एकही शब्द खोडावा लागत नाही... आणि मग लगेच ती मान वळवून बघते. सुख झालं की मागं वळून बघायचं, ही सवय.

दुपारी आईचा फोन आला. आई कपडे शिवते. बोलताना तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे तिचे निम्मे शब्द दातांतूनच येतात. हिनं संत्र्याचं सांगितलं, एका ओळखीच्यानं ठेवलंय म्हणून, आणि त्याच्या मनात काय असेल कुणास ठाऊक, असंही. पलीकडे मशीन थांबलं.

“सोलून दिलंय ना? मग खा,” आई म्हणाली. “देव काय रोज सोलून देतो का? बिया तेवढ्या थुंक.”

तिनं खाल्लं. गोड होतं. फारच गोड होतं. तिला आपलाच राग आला.

चारला पाच कमी असताना ती मागच्या दारात उभी होती. तो पायऱ्यांवर पाठमोरा बसला होता, शेजारी पिशवी. कागद पिशवीत असणार. तिनं ठरवलं होतं, तो वाचू लागला की हसायचं, मला सकाळीच कळलं होतं म्हणायचं, सही ठोकायची, चालू पडायचं. ती दोन पायऱ्या सोडून बसली.

त्याचे हात गुडघ्यांवर होते, कागद नव्हता.

“बावीस दिवस वाट पाहिली मी,” तो म्हणाला. “तुझ्या कागदाची.”

“कुठल्या कागदाची?”

“उलगड्याच्या. तुझा विषयच तो आहे ना, माणसं नकार कसा देतात. चार महिने तू दुकानांच्या रांगांत लोकांना काहीबाही विचारत फिरतेयस. जिन्यात तू मला विचारलंस, मला वाटलं, आली आपली पाळी. म्हणून नीट नकार दिला. तुला उपयोगी पडेल असा. पण कागद आलाच नाही. मग मला धडकी भरली. खरं सांग, प्रयोग होता का तो?”

सकाळपासून जमवलेलं हसू तिच्या तोंडात तसंच राहिलं. बावीस दिवस आपण जी जखम चाटत बसलो, ती मुळात आपल्याला दिलेलीच नव्हती... किंवा ही त्याची सारवासारव. किंवा हाही... नाही. त्याची नखं पिवळी झाली होती, आणि तो ती लपवत होता.

नाही म्हण. नुसतं नाही म्हण, प्रयोग नव्हता म्हण, दोन अक्षरं. पण ती दोन अक्षरं वर येईनात, कारण तिला त्या संध्याकाळची खोली दिसली. रडून झालं होतं. मग तिनं तोंड धुतलं होतं आणि वही उघडून त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं, ‘बरं वाटलं विचारलंस’सकट, चाळीस अनोळखी नकारांच्या खाली, फक्त आकडा न घालता. का? विसरू नये म्हणून? की जिन्यात त्याला विचारताना, छाती धडधडत असतानाच, आत कुणीतरी टोक केलेली पेन्सिल घेऊन बसलेलं होतं? इतके दिवस तिनं त्याला उलटापालटा करून पाहिलं, मामांना पाहिलं, बसमधल्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. स्वतःकडे एकदाही मान वळवली नव्हती.

पहिल्या वर्षाच्या मुली पायऱ्या उतरत आल्या. तो वाट द्यायला उठला, आणि तिला वाटलं, आता हा जाणार.

ज्याच्याकडे आजवर परीक्षेपुरतंच जाणं-येणं होतं, त्याला तिनं मनातल्या मनात हाक मारली. देवा, मला काय म्हणायचंय ते मला कळेपर्यंत याला इथं बसू दे. मुली गेल्या. तो अजून उभाच होता. आणि हे मागणं तरी खरं आहे का, ते तिनं या वेळी तपासून पाहिलं नाही.