बसणाऱ्या बाईचं माप

पाळीच्या दुसऱ्या दिवशी कामावर निघायला तिला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागायचा. एकावर एक दोन पॅड, त्यांवर जुन्या टॉवेलची घडी, वरून काळी पँट, पिशवीत दुसरी काळी पँट आणि सीटवर अंथरायला प्लॅस्टिकचा कागद. सकाळी सहाला घोटभर पाणी प्यायचं, ते दुपारी दोनपर्यंत पुन्हा नाही. तेरा वर्षांची लेक हे सगळं दाराआडून बघायची. एकदा तिनं विचारलं, "आई, मला पण असंच करावं लागणार का?" आई म्हणाली, "हळू बोल, बाबा बाहेर आहेत."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. माणूस सरळ, बोलायला कमी. महिन्यातले दोन दिवस आपली बायको पांढरीफटक का दिसते, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घरात याहून वेगळं चित्र आहे, हे ज्यानं त्यानं मनाशी विचारावं.

ती सिटी बस चालवायची. डेपोत दोनशे ड्रायव्हर, त्यांत बाई ही एकटीच. 'कॅप्टन' हे नाव आधी चेष्टेनं पडलं होतं. दोन वर्षांत चेष्टा गळून गेली आणि नाव तेवढं राहिलं. कारण बाजाराच्या ज्या वळणावर भलेभले गाडी दोनदा मागे घ्यायचे, तिथून ती बारा मीटरची बस एका दमात काढायची. म्हातारी माणसं समोरची बस सोडून हिच्या बससाठी थांबायची. तिनं ब्रेक मारला की पोटातलं पाणी हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मार्गही डेपोतला सगळ्यात लांबचा. इथून शेवटच्या थांब्यापर्यंत एक तास पन्नास मिनिटं. तिथे पत्र्याची एक शेड, एक बाक आणि सात मिनिटांची विश्रांती. स्वच्छतागृह नाही. पुरुष भिंतीमागे जाऊन यायचे. ती सीटवरच बसून राहायची.

त्या मंगळवारी शेवटचे सहा थांबे उरले असताना तिला कळलं, की आज टॉवेलची घडी पुरलेली नाही. मांडीखाली ओल पसरली होती. गाडी भरलेली. पाठीमागे एक बाळ रडत होतं आणि तिला वाटत होतं की सगळी बस आपल्याच पाठीकडे बघते आहे. तरी तिनं एकही थांबा चुकवला नाही, एकही सिग्नल तोडला नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं विचारलं, "कॅप्टन, उतरताय ना? चहा घेऊ." ती म्हणाली, "तुम्ही घ्या. माझं डोकं दुखतंय." परत एक तास पन्नास मिनिटं ती त्याच ओलीवर बसून गाडी चालवत आली. डेपोत सगळे पांगल्यावर उतरली. प्लॅस्टिकचा कागद कधीच सरकून गेला होता. तिनं फडक्यानं सीट पुसली, पण कापडानं रक्त पिऊन घेतलं होतं.

दुपारच्या शिफ्टचा ड्रायव्हर मिशीवाला होता, नियमाला पक्का. त्यानं तक्रारवहीत लिहिलं, 'ड्रायव्हर सीट खराब. कव्हर बदला. कशाने खराब झाली, ते विचारा.' वही सगळ्यांच्या समोर टेबलावर असायची. संध्याकाळपर्यंत ती ओळ वाचून तिघे हसले होते आणि बाकीच्यांनी न वाचल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टननं मॅनेजरसाहेबांकडे अर्ज दिला. मला गाडीवरून काढून पासच्या खिडकीवर बसवावं, असा. साहेबांना आश्चर्य वाटलं. "अहो, तुमच्याबद्दल एक तक्रार नाही, आणि खिडकी कशाला?" ती म्हणाली, "घरची अडचण आहे." अर्ज सोमवारी पुढे पाठवतो, असं सांगून साहेबांनी तो खणात ठेवला.

इकडे ती सीट डेपोच्या कोपऱ्यातल्या गादी-विभागात पोचली होती. तिथे मावशी बसायच्या. साठीच्या उंबरठ्यावरच्या, मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेल्या, गेली एकोणतीस वर्षं बसच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या. कोणत्या गाडीचा ड्रायव्हर डावीकडे कलून बसतो आणि कोण खिशात पान्हा ठेवतो, हे त्यांना सीटच्या झिजेवरून कळायचं. त्यांनी कव्हर उसवलं, आतला फोम बघितला आणि कुणाला काही न सांगता तो नळाखाली धरला. मग कॅप्टनला निरोप धाडला, 'सीटची उंची मापायची आहे, येऊन जा.'

ती आली. मावशींनी दार लोटलं, स्टूल पुढे केलं आणि सरळ विचारलं, "किती वेळानं बदलावं लागतं?"

कॅप्टनची कानशिलं गरम झाली. "काय मावशी?"

"मला उंची मापायची नाहीये. तीन महिन्यांत तुझी ही दुसरी सीट. पहिली मी गुपचूप बदलली होती, तुला वाईट वाटू नये म्हणून. चूक केली. तेव्हाच बोलायला हवं होतं. सांग, किती वेळानं?"

"तासाला. कधी त्याच्या आत." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गुठळ्या पण जातात. तीन वर्षं झाली."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"त्यात काय दाखवायचं? बाईच्या जातीला हे असायचंच. आईचंही असंच होतं."

मावशींनी कात्री खाली ठेवली. "तुझ्या गाडीखाली रोज तेलाचं थारोळं दिसलं, तर तू काय करशील? खाली गोणपाट अंथरशील आणि चालवशील?"

"नाही. गाडी दुरुस्तीच्या पिटावर घेईन."

"मग? गाडीला जेवढी किंमत, तेवढी तरी स्वतःला दे."

कॅप्टननं उसवलेलं कव्हर उचलून बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी खिडकीवर बदली मागितली आहे. आता नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"खिडकीवर बसलीस म्हणजे रक्त थांबणार? तिथेही खुर्चीच असते ना?" मावशी आपला चष्मा पुसू लागल्या. "मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होते. साठ थर कापड एका वेळी कापायचे, आणि एक सूतही हलायचं नाही. मला हेड करणार होते. एक दिवस स्टुलावरून उठले आणि मागे कुणीतरी हसलं. मी डबा उचलला आणि घरी गेले. परत गेलेच नाही. माझ्याहून कमी येणारा एक जण हेड झाला. त्या हसणाऱ्याला आज मी आठवतही नसेन. एका डागासाठी मी अख्खं काम सोडून दिलं. तू तेच करायला निघाली आहेस, म्हणून बोलते."

डोळे पुसायला कॅप्टनकडे रुमाल नव्हता. मावशींनी कव्हराच्या कापडाचा एक तुकडा पुढे केला.

शनिवारी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठ निघाली, साधी, पण त्रासाची. हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या रक्तावर तुम्ही बस चालवता? चक्कर नाही आली हे नशीब. उपचार होईपर्यंत सुट्टी घ्या, गाडीवर बसू नका." लोहाच्या आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गाठीचं पुढे काय करायचं, ते तीन महिन्यांनी ठरणार होतं. निघताना बाई म्हणाल्या, "तोवर कपड्यांची काळजी असेल तर पाळीच्या खास चड्ड्या मिळतात, पीरियड पँटी. पण नीट निवडा. तुमच्या पहिल्या दोन दिवसांना नुसती ती पुरायची नाही, आत पॅड किंवा पाळीचा कप लागेलच. आणि काहीही वापरलं तरी तासातासाला भिजायला लागलं, तर माझ्याकडे या. चड्डी हा इलाज नव्हे."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं तिचा रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाला, "मला वाटायचं तू माझ्यावर चिडलेली असतेस त्या दिवसांत. म्हणून लांब राहायचो." चौदा वर्षांचा संसार, आणि गैरसमज केवढा साधा!

साहेबांकडे तिनं आजारपणाची सुट्टी टाकली आणि बदलीचा अर्ज 'तूर्त थांबवा' म्हणून कळवलं.

सुट्टीत तिनं तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या पँटी मागवल्या आणि त्या घेऊन मावशींच्या विभागात गेली. मावशींनी त्या टेबलावर अशा उलगडल्या, जशा नव्या गाडीच्या सीटा आल्यात. हातानं चोळून बघितल्या, शिवण ताणून बघितली, उजेडासमोर धरल्या. मग खळ घालून थोडं पाणी दाट केलं, लाल रंग टाकला. "साधं पाणी चालणार नाही. रक्त दाट असतं, ते सावकाश मुरतं." प्रत्येक पँटी फोमच्या ठोकळ्यावर चढवली, खाली पांढरा कागद ठेवला, चमच्यानं थोडं थोडं ओतलं आणि वरून दहा किलोचं वजन ठेवून घड्याळ लावलं.

पहिलीच्या वेष्टनावर मोठमोठे दावे होते. पाच मिनिटांत मागच्या बाजूनं कागद लाल झाला.

"हे बघ," मावशी म्हणाल्या, "शोषणारा पट्टा इथेच संपतो, बुडाच्या निम्म्यावर. जाहिरातीतल्या मुली उभ्या असतात, उड्या मारतात. तू बसतेस. बसणाऱ्या बाईचं गळणं मागे जातं. ज्यानं ही शिवली, त्यानं बसलेल्या बाईचं माप घेतलेलंच नाही."

दुसरीचा पट्टा लांब होता, पण मांडीजवळचं इलॅस्टिक सैल. बाजूनं ओघळ आला. "ही एक नंबर लहान घेतली तर?" कॅप्टननं विचारलं. "मग कमरेला काचेल आणि आठ तास तू तिलाच शिव्या देशील. माप कमरेचंही घ्यायचं आणि मांडीचंही. आणि अंदाजानं नाही, टेपनं."

तिसरी दिसायला अगदीच आजीबाईंची. कमरेपर्यंत उंच, काळी, जाड. पण शोषणारा थर मागे थेट कमरेपर्यंत गेलेला, आणि मांडीच्या कडेला आतून गळती अडवणारी पट्टी शिवलेली. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कागद पांढराच्या पांढरा. मावशींनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि कामगारानं कामगाराला द्यावी तशी दाद दिली. "हिला ज्यानं शिवलंय, त्याला काम येतं."

त्या तिसऱ्या जातीच्या तिनं पाच घेतल्या. धुण्याचे नियम मावशींनी तोंडपाठ करून घेतले. गार पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गरम पाणी नको, कपडे मऊ करणारं औषध तर अजिबात नको, त्यानं थराची शोषून घ्यायची ताकद जाते. "आणि उन्हात वाळव. दाराआड, टॉवेलखाली नाही. नीट वाळलं नाही तर अंगाला खाज सुटेल, आणि मग म्हणशील चड्डी वाईट."

ही गोष्ट सगळ्यात अवघड गेली. पहिल्या दिवशी पँटी हातात घेऊन ती बाल्कनीच्या दारात उभी राहिली. समोरच्या चार बाल्कन्यांत माणसं होती. लेकीनं ती तिच्या हातातून घेतली, झटकली आणि बाबांच्या बनियनशेजारी चिमटा लावून टाकली. आभाळ कोसळलं नाही. समोरच्या काकू आपल्या झाडांना पाणी घालत राहिल्या.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर गेलं, डॉक्टरीणबाईंनी कामावर जायला परवानगी दिली आणि कॅप्टन पुन्हा गाडीवर चढली. पहिल्या आठवड्यातच पाळी आली. गोळ्यांनी जोर कमी झाला होता, तरी दुसरा दिवस तो दुसराच. आत पॅड, वर ती जाड काळी पँटी, पिशवीत एक जास्तीची. बाजाराचं वळण तिनं नेहमीसारखं एका दमात काढलं. शेवटच्या थांब्यावर सीटवरून उठली, मागे वळून बघितलं आणि कंडक्टरला म्हणाली, "चला, चहा घेऊ."

त्याच आठवड्यात तिनं साहेबांकडचा बदलीचा अर्ज परत घेतला आणि दुसरा दिला. त्यात आडपडदा नव्हता. 'मला पाळीत अतिरक्तस्राव होतो. शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह नाही. ते असतं तर ती सीट खराब झाली नसती.' साहेबांनी तो वाचला, कान लाल झाले, दोनदा घसा खाकरला. मग त्यांनी वरच्या ऑफिसला पाठवायच्या पत्रात तिचे शब्द जसेच्या तसे घातले. स्वच्छतागृहाला पाच महिने लागले, पण झालं. तोवर तीन महिन्यांची तपासणीही झाली होती; गाठ वाढली नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्याच चालू ठेवल्या.

मिशीवाल्या ड्रायव्हरनं एक दिवस तिला गॅरेजमागे गाठलं. त्यानं तिथल्या टायरवर दोनदा पाय दाबून बघितला. "वहीत मी ते लिहायला नको होतं," तो म्हणाला. "आमच्या घरीही ती महिन्यातले तीन दिवस उठत नाही. मी म्हणायचो, आळस आहे. ते तुमचं... मावशींच्या टेबलावर बघितलं होतं, ते कुठून मागवलंत?"

"आधी डॉक्टरचा पत्ता देते," कॅप्टन म्हणाली. "मग दुकानाचा."

पुढच्या वर्षी डेपोत चार नव्या मुली ड्रायव्हर म्हणून आल्या. प्रशिक्षणात एक तास कॅप्टनला दिला होता. आरसे, ब्रेक, वळणं हे सगळं सांगून झाल्यावर तिनं फळा पुसला आणि म्हणाली, "आता बसण्याबद्दल." मागच्या बाकावरचे दोन पुरुष शिकाऊ उठायला लागले. तिनं त्यांना थांबवलं. "तुम्हीही बसा. तुमच्या घरी आई असेल, बहीण असेल. उद्या मुलगी होईल." ते बसले. तिनं सगळं सांगितलं, गाठीपासून चिमट्यापर्यंत, आणि शेवटी मावशींना बोलावलं. मावशी टेप घेऊनच आल्या.

वाचकहो, रक्त जाणं ही लाजेची गोष्ट नाही, हे आता पुष्कळ जण म्हणतात. पण ते निमूट सोसत राहणं ही मोठेपणाची गोष्ट नाही, हे म्हणायला आपण अजून कचरतो. जास्त जात असेल तर तपासा. वापरायचं ते आपल्या अंगाला आणि आपल्या कामाला बघून निवडा, वेष्टनावरच्या चित्राला भुलून नको. आणि घरात, ऑफिसात, डेपोत कुणा बाईच्या खुर्चीवर डाग दिसला, तर वहीत लिहू नका. दार लोटा, स्टूल पुढे करा आणि विचारा, "तुला बरं आहे ना?"