खवलीच्या तोंडाचं माप

गॅलरीतल्या चपलांच्या फळीवर पाच प्रकारचं सामान होतं. वेळूची काठी एक, सव्वातीन मीटर. नायलॉन दोऱ्याचं रीळ एक, दोऱ्याची जाडी पॉइंट पंचेचाळीस मिलिमीटर. गळ बारा, त्यांतल्या एकाचं टोक दगडावर आपटून बोथट झालेलं. शिशाची वजनं चार, प्रत्येकी पन्नास ग्रॅमची. आणि पाण्यावर तरंगायला लिंबाएवढं एक बूच. सगळ्याची मिळून किंमत एकाहत्तर रुपये. या सामानाने काल, रविवारी, बदलापूरच्या बंधाऱ्यावर उल्हास नदीत तेवीस वेळा कणकेची गोळी सोडली होती. तेवीस वेळा गोळी गेली. मासे आले शून्य.

हे आकडे वृंदाने वहीत लिहिले होते आणि सोमवारी सकाळी दात घासताना ती त्यांच्याकडेच बघत होती. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने नदीतल्या खवली माशाची वाढ हा विषय मागितला होता. करंदीकर मॅडमनी तो दिला, पण अट घालून. एकोणीस जानेवारीला, म्हणजे पुढच्या सोमवारी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला स्वतः धरलेल्या दहा खवली टेबलावर ठेवायच्या, मापांसकट. बाजारातले मासे चालणार नाहीत, कारण ते नदीचे की कुणाच्या तळ्याचे हे विकणाराही सांगू शकत नाही. कोळ्याला जाळं टाकायला सांगितलेलं चालणार नाही, कारण जाळं कुठे टाकलं हे कोळी सांगत नाही. दहा जमल्या नाहीत तर वृंदाने झुरळाची पचनसंस्था घ्यायची. त्या विषयावर विभागात आधीच चार प्रबंध होते.

आईवडील मुरबाडला असल्याने वृंदा अंबरनाथला मामांकडे राहत होती. श्यामकांतमामा कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात बत्तीस वर्षं काढून आदल्या वर्षीच रिटायर झाले होते. भाची एकटी नदीवर कशी बसणार म्हणून ते बरोबर आले, आणि आलोच आहोत तर सामान आपण निवडू म्हणाले. सुनंदामामींनी दोन अटी घातल्या. मासा आणि माशाचं सामान गॅलरीच्या आत येणार नाही. आणि घरातला एक पैसाही या कामात जाणार नाही. म्हणून शिष्यवृत्तीतले शंभर रुपये, एवढाच हिशेब. कणकेचा मात्र मामींनी हिशेब धरला नाही. "कणीक माझी, हळद माझी," त्या म्हणाल्या होत्या. "पाप तेवढं तुमचं."

मामांची निवड बिनचूक पद्धतीने झालेली होती. लायब्ररीतल्या पुस्तकात या नदीतला सगळ्यात मोठा मासा दोन किलोचा दिला होता. सेफ्टी फॅक्टर चार. म्हणजे दोरा आठ किलो पेलणारा हवा. मग त्या दोऱ्याला शोभेल असा गळ, गळाला बुडवील असं शिसं आणि शिशाला तोलून धरील असं बूच. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्यांना सुया, चेन आणि बटणं पुरवणारं टेकचंदचं दुकान होतं. त्याच्या एका फळीवर गळाचंही सामान असे. टेकचंदने विचारलं होतं, कौनसी मछली? मामांनी सांगितलं, कोई भी, दो किलो तक. टेकचंदने मान डोलावली आणि मागितलं ते काढून दिलं.

आता मामा चहा घेऊन गॅलरीत आले आणि म्हणाले की दोष कणकेत आहे. कणीक पाण्यात विरघळते, तिच्यात कापूस मळला पाहिजे.

"विरघळली असती तर बूच हललं नसतं, मामा. बूच तेवीस वेळा हललं. म्हणजे मासा आहे, त्याला गोळी सापडते, आणि तो ती खातोही."

"मग गळ का लागत नाही?"

काल नदीकाठी वालाच्या मळ्याला पाणी सोडणाऱ्या आनंदा नावाच्या शेतकऱ्याने याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. तो बराच वेळ कुदळीवर हात ठेवून यांच्याकडे बघत होता. मग जवळ येऊन त्याने गळ बोटात धरला आणि विचारलं, "बाय, याच्यानं मासा धरायचा हाय का होरी बांधायची?" होडीचा दोर अडकवायला शोभेल असा तो गळ मामांनी त्याच्या हातातून परत घेतला. वृंदाने मात्र विचारलं, मग काय करू? त्यावर तो म्हणाला, मासा खातो कसा ते बघा, मंग समजंल. आणि गेला. पाणी हिरवट होतं. बघणार कसं?

तोंड धुता धुता तिला एक साधी गोष्ट लक्षात आली. खवलीचं तोंड केवढं असतं हे तिला माहीत नव्हतं. मामांना नव्हतं, मामींना नव्हतं, या घरात सात पिढ्यांत कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बी.एस्सी.ला तिने मुशी, म्हणजे लहान शार्क, फाडली होती, पण ती फॉर्मालिनमधली, समुद्रातली, आणि तिचं तोंड पोटाच्या बाजूला, चार बोटं सहज जातील एवढं. पुस्तकात खवलीचं चित्र होतं, पण पुस्तकात मासा नेहमी बाजूने काढलेला असतो. समोरून कुणी काढत नाही.

तिने मामांकडे त्यांचा व्हर्नियर कॅलिपर मागितला. मामांनी त्याची मखमलीची पेटी आणली आणि कशाला, असं विचारलं. माशाचं तोंड मोजायला, हे ऐकल्यावर त्यांनी पेटी दोन क्षण हातातच धरून ठेवली. मग दिली.

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या आधी वृंदा बदलापूरला उतरली. स्टेशनजवळच्या बाजारात बनूबाई नदीचे मासे घेऊन बसत असे. पळसाच्या पानांवर तिने वाटे लावले होते, त्यांतले तीन खवलीचे. काही मासे दहा-दहा सेंटिमीटरचे, काही बोटाएवढे. वृंदाने एक उचलला, समोरून बघितला आणि कॅलिपर लावला.

"घ्यायचं हाय का गो? का नुसती पत्रिका जुलवतंस?" बनूबाई म्हणाली. शेजारच्या दोघी हसल्या.

वृंदाने सगळं सांगितलं. गोळी जाते, मासा येत नाही, सोमवारी दहा पाहिजेत. बनूबाईने तिच्याकडून एक गळ मागून घेतला. तो तिने खवलीच्या तोंडासमोर धरला. गळ तोंडाच्या दुप्पट होता. मग तिने अंगठ्याच्या नखाने माशाचा वरचा ओठ हलकेच पुढे ओढला. तोंड नळीसारखं बाहेर आलं, आणि सोडल्यावर मागे गेलं.

"यो चावत नाय. चोखतो. आपुन चिंबोरीची नांगी चोखतो ना, तसा."

वृंदाने खेकडा कधी खाल्ला नव्हता, हे तिने खरं ते सांगून टाकलं.

"मंग शेवग्याची शेंग," बनूबाई म्हणाली. "शेंग तोंडात धरल्यावर कुनी मागून खेचली तर तुला समजंल का नाय? लगेच सोडशील. त्याला पन तसाच समजतं."

वृंदाने स्वतः तो ओठ पाच-सहा वेळा ओढून बघितला. इतका साधा आणि इतका नेमका सांधा तिने दुसऱ्या कुठल्या प्राण्यात पाहिला नव्हता. कॉलेजचा पहिला तास बुडणार हे कळत असूनही तिने चौदा मासे मोजले. तोंडाची रुंदी कमीत कमी पाच पूर्णांक आठ, जास्तीत जास्त सात पूर्णांक एक, सरासरी सहा पूर्णांक चार मिलिमीटर. गळाचं तोंड तेरा मिलिमीटर. एवढी हाताळणी झाल्यावर एक वाटा घेणं भाग होतं. दोन रुपयांचा घेतला, घरी नेता येणार नाही म्हणून तिथेच बनूबाईला परत दिला, आणि बनूबाईने तो तिच्या देखत पुढच्या गिऱ्हाइकाला विकला.

संध्याकाळी मामांनी वहीतले चौदा आकडे वाचले. मग एक गळ घेऊन स्वतः मोजला, दोनदा. वृंदाला वाटलं, आता हे रागावतील. बत्तीस वर्षांत त्यांनी पास केलेला माल परत आला नव्हता, असं ते नेहमी सांगत. गळ खाली ठेवून ते म्हणाले, "फॅक्टर बरोबर होता. लोड चुकला. जो मासा धरायचा त्याचा लोड घ्यायला पाहिजे होता, मी पुस्तकातला घेतला."

"आणि पन्नास ग्रॅमचं शिसं म्हणजे मागून शेंग खेचणारा," वृंदा म्हणाली. शेंगेचा दाखला तिने मामींनाही सांगितला. मामी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण लाटणं थोडा वेळ थांबलं.

आता प्रश्न उरलेल्या सत्तावीस रुपयांचा. त्यांतून रविवारचं जाण्यायेण्याचं भाडं बाजूला काढायचं. मामांना दोरा ओवायची रिंगवाली काठी आणि तो गुंडाळायचं छोटं चाक घ्यावंसं वाटत होतं. वृंदाने कागदावर एकेक वस्तू लिहून तिच्यासमोर प्रश्न लिहिला: ही नसली तर मासा येईल का? चाकाशिवाय येईल. रिंगशिवाय येईल. काठी आहे तीच चालेल, दोरा टोकालाच बांधायचा. गळाशिवाय येणार नाही. बारीक दोऱ्याशिवाय येणार नाही. शिसं लागेल, पण अर्ध्या ग्रॅमचं. ते मामा पन्नास ग्रॅमच्या वजनाचे छिन्नीने तुकडे करून देतील, आणि दिलेही, प्रत्येक तुकडा तोलून.

बुधवारी दोघं शेअर रिक्षाने पुन्हा टेकचंदकडे गेले. त्याने ओळखलं.

"अब कौनसी मछली, साईं?"

मामांनी वृंदाकडे बघितलं.

"साढ़े छह मिलीमीटर," ती म्हणाली.

टेकचंदने चष्मा कपाळावर चढवला. "मुँह नापके आयी है? पैंतीस साल से दुकान है। पहला गाहक देखा जो मछली से पूछके आया।" त्याने बटणांच्या डब्यांमागून एक कागदी पाकीट काढलं. त्यातले गळ एवढे बारीक होते की वृंदाला ते आधी टाचण्यांचे तुकडे वाटले. तिने काउंटरवरच मोजला: साडेचार मिलिमीटर. सहा गळ चार रुपये. दोरा पॉइंट सोळाचा, दीड किलो पेलणारा, वीस मीटर, आठ रुपये. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि कुरकुरले की बोटाएवढ्या, अंदाजे बारा ग्रॅमच्या माशाला दीड किलोचा दोरा म्हणजे फॅक्टर सव्वाशे, याला ओव्हरडिझाइन म्हणतात. टेकचंदने लाल-पांढरं प्लास्टिकचं तरंगणं पुढे केलं, सहा रुपयांचं. वृंदाने ते बुडायला किती शिसं लागतं असं विचारलं आणि अर्ध्या ग्रॅमने ते हलणारही नाही हे ऐकून परत ठेवलं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. "तो मोर का पंख ले, पंख का डंडा," तो म्हणाला. "और बेटा, खींचना मत। बस कलाई उठाना।"

मोरपीस घरात एकच ठिकाणी होतं, मामींच्या देवघरात, तसबिरींवरची धूळ झाडायला. वृंदाने ते मागितलं नाही. शिवमंदिराजवळ कुणी विकतं का, एवढंच विचारलं. शनिवारी रात्री पिसं काढून टाकलेला एक स्वच्छ देठ गॅलरीच्या उंबरठ्यावर ठेवलेला होता, उंबरठ्याच्या बाहेरच्या अंगाला.

रविवारी सात वाजता ती दोघं बंधाऱ्यावर होती. देठ पाण्यात उभा राहायला अर्ध्या ग्रॅमचे दोन तुकडे लागले. तिसऱ्याने तो बुडत होता. कणकेची गोळी आता मिऱ्याएवढी होती. पहिले दोन तास काही झालं नाही. मग देठ थरथरला आणि हळूच एका बाजूला चालू लागला. गेल्या रविवारच्या बुचासारखा हिसका नव्हता. कुणीतरी चोखत होतं. वृंदाने मनगट उचललं.

पहिली खवली नऊ वाजून पाच मिनिटांनी आली. शेपटीजवळ काळा ठिपका, अंगावर चांदी. वृंदा तिच्याकडे बघतच राहिली आणि मामांना दोनदा सांगावं लागलं की माप घे. मामा मासा धरणार नव्हते; त्यांनी वही, पट्टी, कॅलिपर आणि छोटा तराजू सांभाळला होता. दुपारी बारापर्यंत सहा आल्या. मग पाण्याखालच्या खडकांनी एकामागून एक चार गळ घेतले, आणि पाचवा एका मोठ्या कसल्याशा माशाने दोरा तोडून नेला. तो फॅक्टर सव्वाशेत बसणारा नसावा, असं मामा म्हणाले. साडेचारला फॉर्मालिनच्या बाटलीत नऊ खवली होत्या आणि गळ उरला होता एक.

तोही पाच वाजता अडकला. वृंदाने दोरा ताणायला घेतला, तेव्हा मामांनी तिचा हात धरला. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, थंडगार पाण्यात उतरले, दोऱ्यावरून बोटं फिरवत खाली वाकले आणि गळ कपारीतून सोडवून वर धरला. काठावर आल्यावर त्यांनी खिशातल्या भिंगातून त्याचं टोक तपासलं. "पास," ते म्हणाले.

ऊन पलीकडच्या काठावर गेलं होतं. आनंदा मळ्यातून घरी निघाला होता, तो वाटेवर थांबून बघत राहिला. देठ हलेना. सहाला दहा मिनिटं असताना तो आडवा झाला, पुन्हा उभा राहिला, आणि चालू लागला. वृंदाने मनगट उचललं. मासा बाहेर आला, हवेत गळावरून सुटला आणि काठाच्या गवतात पडला. तिथून उडी मारत तो पाण्याकडे निघाला. वृंदाच्या दोन्ही हातांत काठी होती. मामांनी वही टाकली, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ त्याच्यावर पालथी घातली.

"घे," ते म्हणाले. "लवकर घे. हलतोय."

तिने पट्टी लावली, मग तराजू, मग कॅलिपर. मामांनी ओल्या हाताने वही उचलून लिहिलं: क्रमांक दहा. एकूण लांबी एक्क्याण्णव मिलिमीटर. वजन बारा ग्रॅम. तोंडाची रुंदी सहा पूर्णांक तीन मिलिमीटर.