अंधार लागणारं फूल

माळ्याच्या बायकोची नजर जात चालली होती. सगळं धुक्यात बुडाल्यासारखं. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला एकच ध्यास होता: नवऱ्याने बियांपासून वाढवलेली नवी पिवळी शेवंती एकदा डोळे भरून बघायची.

शेवंती मात्र हट्टाला पेटली होती. बाकी वाफे कळ्यांनी भरले आणि खिडकीखालच्या या वाफ्यात नुसता पाला.

"अहो, तिचं ते लांबलचक नाव काय म्हणालात?"

"क्रिसॅन्थेमम. ग्रीक आहे. क्रिसॉस म्हणजे सोनं, अँथेमॉन म्हणजे फूल. नाव ठेवणाऱ्यांनी पिवळीच बघितली असणार."

"मग पांढरीलाही सोनंच म्हणतात?"

"एकदा नाव पडलं की पडलं."

"हो ना. लग्नात तुम्हालाही सगळे हुशार म्हणाले होते."

तो हसला, आणि हसता हसता त्याचं लक्ष खिडकीतल्या दिव्याकडे गेलं. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. रोपांच्या शेडमध्ये रात्री दिवा चालू राहिला म्हणून त्याने गड्यांना किती झापलं होतं! आणि इथे तिला अंधाराची भीती वाटते म्हणून तो स्वतःच रात्रभर दिवा ठेवत होता. उजेड थेट वाफ्यावर.

त्याचं हसू विरलं. दिवा बंद करू या म्हणायचं कुठल्या तोंडाने?

"काय झालं? बोला की."

त्याने चाचरत सांगितलं. ती चाचपडत उठली आणि खटका बंद केला.

"मलाही सवय व्हायला हवीच."

त्यानंतर संध्याकाळ झाली की दोघं अंधारात बसायची, हातात हात घालून. खोली हळूहळू पाण्यावर तरंगल्यासारखी व्हायची. तो रंग सांगायचा: तांबडा मातीसारखा, जांभळा झोपेसारखा. ती मध्येच म्हणायची, "थापा मारू नका," आणि अजून जवळ सरकायची. बाहेर झाडं कुजबुजताहेत असं त्याला वाटायचं. हळूहळू तिची पकड सैल झाली. भीती कधी गेली, दोघांनाही कळलं नाही.

थंडी वाढली. कळ्या आल्या, फुगल्या. एका दुपारी त्याने उमललेलं रोप कुंडीत काढलं आणि लख्ख उन्हात तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चेहरा इतका खाली नेला की पाकळ्या पापण्यांना लागल्या.

ती हलेना. उशीर तर नाही ना झाला?

"दिसतंय का गं?"

"गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. "बघू द्या."