अर्थमंत्रीबाईंच्या पायाखालचा पाट

मी एक पाट बोलतोय. बसायचा नव्हे हो, उभं राहायचा! आज मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म शाळेतल्या एका मोडक्या बाकातून झाला. बाई तिथे गणित शिकवायच्या. उंची बेताची, त्यामुळे फळ्याचा वरचा अर्धा भाग कायम कोरा. मग सुताराने मला ठोकून तयार केलं. बाई पहिल्यांदा माझ्यावर चढल्या तेव्हा मागून एक मुलगी ओरडली, "बाई मोठ्या झाल्या!" सगळ्यांत आधी बाईच हसल्या.

पुढे त्या राजकारणात आल्या. चौकाचौकांत सभा झाल्या, मी बरोबर होतोच. होता होता बाई देशाच्या अर्थमंत्री झाल्या! पहिल्या अर्थसंकल्पाला सचिवांनी मला पाहून नाक मुरडलं.

"मॅडम, कॅमेऱ्यात दिसला तर शोभा होईल."

"दिसू दे की. मी बुटकी आहे हे काय गुपित आहे?"

मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, पाय मात्र कळतात. मनाविरुद्ध बोलायचं असलं की बाईंचा उजवा पाय चुळबुळतो. मंत्रिपदावर ही चुळबूळ फार वाढली होती. मला वाईट वाटायचं.

आज सभागृहात शिरताना शिपायाने मला काखोटीला मारलं होतं. दारातच पक्षाध्यक्षांनी बाईंना गाठलं.

"ताई, रिकाम्या बंगल्यांवरच्या कराचं पान तेवढं वाचू नका. आपल्याच माणसांचे बंगले आहेत. वाचलंत, तर संध्याकाळी राजीनामा द्यायचा."

"बेघरांना घरं कशातून द्यायची मग?"

"ते पुढचं पुढे बघू."

बाई आत जाऊन माझ्यावर चढल्या. माझा जीव टांगणीला! अर्थसंकल्पाचं भाषण सुरू झालं. पानं उलटत गेली आणि ते पान आलं. बाई थांबल्या. उजवा पाय हलला. अहो, नको, नको! मी मनातल्या मनात ओरडत होतो. तेवढ्यात दोन्ही टाचा अशा घट्ट रोवल्या गेल्या, की माझे खिळे कळवळले. आणि त्यांनी वाचलं! अक्षर न् अक्षर वाचलं! एकच गोंधळ उडाला. कोणी बाकं बडवत होतं, कोणी शिव्या घालत होतं. मी नाचायचाच काय तो बाकी होतो.

संध्याकाळी बाईंनी राजीनामा दिला. शिपायाने विचारलं, "बाई, पाट घरी पोचवू?"

"नको. इथेच राहू दे. पुढे कुणाला तरी लागेल."

उद्यापासून इथे सहा फुटी साहेब येताहेत. ते मला पायाने कोपऱ्यात सरकवतील. सरकवू देत! पण बुटक्या माणसांनो, तुम्ही या. लवकर या. मी अजून डुगडुगत नाही.