न दाबता होणारी तपासणी

जेवणाच्या टेबलावर दिराने प्रयोगशाळेत बनत असलेल्या आपल्या मशीनचा विषय काढला की वहिनी हातातलं काम टाकून ऐकायची. साध्या एक्स-रेमध्ये हाड छान दिसतं, मऊ भाग मात्र सगळा एकसारखा करडा. याच्या मशीनमध्ये केसाहून बारीक रेघांच्या जाळ्या होत्या. मांसातून जाताना किरण किंचित वाकतात. ते वाकणं त्या जाळ्या पकडायच्या आणि छातीतली बारीकशी गाठही उठून दिसायची.

"आणि दाबायला नको," तो एकदा म्हणाला. "दोन पाट्यांमध्ये छाती चिरडून घ्यायची भानगडच नाही."

"मग मी तुमच्याच मशीनसाठी थांबते, भावजी. मागच्या खेपेला जीव गेला माझा."

"थांबा की. पुढच्या वर्षी येतंयच दवाखान्यात."

पुढचं वर्ष गेलं, त्यानंतरचंही. बाहेरून ट्रक गेला तरी जाळ्या हलायच्या आणि चित्र पुसट व्हायचं. शरीरातून कापून काढलेल्या नमुन्यांची चित्रं सुरेख यायची, कारण ते श्वास घेत नव्हते. जिवंत माणसाला इतका वेळ निश्चल बसवायचं कसं, यावर प्रयोगशाळेत रोज डोकेफोड चालायची. घरी मात्र तो "झालंच आता" एवढंच सांगायचा.

मग आंघोळ करताना वहिनीच्या हाताला गाठ लागली.

दादाचा फोन आल्यावर तो दवाखान्यात धावला. जुन्याच मशीनवर तपासणी उरकली होती. डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बसवलं. "नेहमीच्या तपासणीला दोनदा आला नाहीत. का?"

त्याने मान खाली घातली.

"कामाच्या रगाड्यात राहून गेलं," वहिनी म्हणाली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

बाहेर आल्यावर त्याने दादाला बाजूला घेतलं. "माझ्यामुळे थांबली ती."

"माहीत आहे. मीही तिथेच जेवत होतो ना." दादा भिंतीला टेकला. "तिला एवढ्यात काही बोलू नकोस. स्वतःचं सोडून तुलाच समजावत बसेल."

गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशनमध्ये एका बाजूची छाती काढावी लागली. भेटायला गेल्यावर तो खुर्चीच्या काठावर बसून राहिला.

"मशीन कुठवर आलं?" वहिनीनेच विचारलं.

"लांब आहे अजून. किती, ते माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, वहिनी."

वहिनीने उशीवर मान टेकवली. मग म्हणाली, "पाणी द्या जरा."

त्याने दिलं. पाणी पिऊन तिने पेला परत दिला; त्याला समजावत मात्र ती बसली नाही.