रत्तल, किलो आणि कुसुम

मित्रांनो, माझ्यावर उभे राहणार असाल तर चपला काढा आणि हलू नका. मी एक जुना वजनकाटा आहे. घाई करणाऱ्याचे वजन मला नीट सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सांगलीकडच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. बिडाचे अंग, खाली लोखंडी पाट, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन, एवढाच माझा संसार. तिथून बैलगाडी आणि मालगाडी असा प्रवास करून मी पुण्यात, खडकीच्या अलीकडे नदीकाठी असलेल्या दगडी कापडगिरणीत आलो. गोदामाच्या दाराशी माझी जागा होती. सुताच्या गाठी आत यायच्या, कापडाचे गठ्ठे बाहेर जायचे आणि दोन्ही माझ्यावरून जायचे.

मला सांभाळणारे दिगंबरपंत शनिवार पेठेतून सायकलवर येत. रोज सकाळी ते माझी दांडी फडक्याने पुसत. कोणी माझ्यावर टेकून उभे राहिले, तर शांतपणे म्हणत, "बसायला बाक त्या बाजूला आहे. हा काटा आहे."

गोदामात सोनबा नावाचा हमाल होता. त्याच्या मुलीला, चौदा वर्षांच्या कुसुमला, क्षयरोग झाला. त्या काळी हे नाव ऐकले की शेजारी दार लोटून घेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, "सुया आणि गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. वजन वाढतंय ना, ते बघत राहा." सोनबाच्या घरी काटा कुठला असणार? म्हणून दर रविवारी तो कुसुमला माझ्यापाशी आणू लागला. सोबत तिची आई मुक्ताबाई असे. पहिल्या रविवारी पोर माझ्यावर उभी राहिली, ते सुताच्या गाठींची सवय असलेल्या मला नीट जाणवलेसुद्धा नाही. साठ रत्तल.

पुढे आकडा हळूहळू चढला. बासष्ट, पासष्ट, अडुसष्ट. मुक्ताबाई प्रत्येक आकडा ओठांत घोळवत घरी जाई.

त्याच सुमारास देशात नवी मापे आली. शेर, मण, रत्तल जाऊन किलो आले. दिगंबरपंत रजेवर असताना कारागिरांनी माझी जुनी दांडी काढून किलोच्या खुणांची नवी बसवली. पुढच्या रविवारी सोनबाने नेहमीप्रमाणे कुसुमला उभे केले, वजन सरकवले आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.

"किती?" मुक्ताबाईने विचारले.

"एकतीस."

लेकीला खाली उतरवून तिने तिच्या दंडाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "सुईनं पोर निम्मी केली. आता बास. उद्यापासून दवाखाना बंद, तिला गावाला नेते."

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते, पण दांडी बोलत नाही. मी खरा आकडा दाखवला होता आणि त्याच खऱ्या आकड्याने एका मुलीचे औषध थांबले होते.

कुसुमच्या दोन सुया चुकल्या. गावाला निघायच्या दिवशी सोनबा रजा मागायला गोदामात आला. कुसुम आणि मुक्ताबाई बोचके घेऊन दाराशी थांबल्या. दिगंबरपंत कामावर परतले होते. त्यांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुक्ताबाई, जरा तुम्ही उभ्या राहा काट्यावर."

"मला काय झालंय?"

"तेच बघू."

ती नाइलाजाने चढली. पंतांनी वजन सरकवले. "चव्वेचाळीस. दिवाळीत हौसेने केलंत तेव्हा अठ्ठ्याण्णव होतात. म्हणजे तुम्हीही निम्म्या झालात. आणि ती सुताची गाठ बघा, तीही निम्मी झाली. गिरणीलाच क्षय झालेला दिसतोय."

सोनबा आधी हसला. मुक्ताबाईला वेळ लागला. पंतांनी माझी जुनी दांडी आणून नवीशेजारी धरली आणि एका किलोत दोन रत्तल आणि वर थोडे कसे बसतात ते दाखवले. "म्हणजे वाढलंय?" तिने विचारले.

"वाढलंय. आता हे बोचकं सोडा आणि दवाखान्यात जा."

ती जुनी दांडी पंतांनी माझ्यामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून कुसुमचे वजन दोन्ही मापांत सांगितले जाई.

दीड वर्षाने डॉक्टर म्हणाले, मुलगी बरी झाली. मुक्ताबाईने देवीला लेकीच्या वजनाइतका गूळ नवसात कबूल केला होता. सोनबाच्या चाळीने मिळून ढेपा आणल्या. "रत्तलातच करा," तिचा हट्ट.

"का? देवीला किलो कळत नाहीत?" पंत म्हणाले.

"तिला कळतात हो. मला नाय कळत."

कुसुम उतरली, गूळ चढला, दांडी त्याच आकड्यावर पुन्हा आडवी झाली. माझ्या आयुष्यात मी याहून गोड वजन केलेले नाही.

पुढे गिरणी बंद पडली. माझ्यावर शेवटचे काय ठेवले, तर कुलपांची पेटी. नंतर वर्षानुवर्षे धूळ, गंज आणि छपराच्या फुटक्या काचांतून येणारे पाणी.

मग एक दिवस कुलपे निघाली. गिरणीच्या जागी क्षयरोग आणि फुप्फुसांच्या आजारांवरचे सार्वजनिक संशोधन केंद्र व्हायचे ठरले होते. भिंती पाडल्या नाहीत, चुन्याने सांधल्या. छपराला नव्या काचा आल्या. मागांच्या जागी प्रयोगशाळा झाली, बॉयलरघरात रुग्णांना बसायला बाक आले. माझ्या अंगावर मात्र खडूची फुली पडली.

"भंगारात किलोवर जाईल," ठेकेदाराचे मुकादम हिंदुराव म्हणाले. "आता याचंच वजन करायचं."

केंद्र पाहायला जुन्या कामगारांची कुटुंबे बोलावली होती. त्यांत कर्वेनगरहून एक सत्तरीच्या बाई आल्या. माझ्यापाशी थांबल्या, भिंतीवरच्या दांडीला हात लावला. मी ओळखले. कुसुम.

केंद्राच्या प्रमुख डॉ. श्यामला शेजारी होत्या. कुसुमने सारी हकिगत सांगितली. डॉक्टरांनी दांडीवरच्या खुणांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "मावशी, आमचे पेशंट अजून असेच निघून जातात. कुणी घाबरून, कुणी बरं वाटलं म्हणून. ते का जातात, हेच आम्हाला इथं शोधायचंय." मग हिंदुरावांकडे वळून म्हणाल्या, "ती फुली पुसा."

गंज उतरला, वंगण आले, तपासणीचा शिक्का बसला. नोंदीचे वजन आता विजेचा काटा करतो. माझ्यापाशी दर मंगळवारी कुसुम रुग्णांशी बोलत बसते.

गेल्या महिन्यात आनंदी नावाची मुलगी आली. "मला बरं वाटतंय आजी. गोळ्या बंद केल्या तर नाही का चालणार?"

"माझ्या आईलाही असंच वाटलं होतं, फक्त उलट कारणाने," कुसुम म्हणाली आणि तिने भिंतीवरची दांडी उतरवून तिच्या हातात दिली. पुढच्या मंगळवारी आनंदी परत आली. त्यानंतरच्याही.

मित्रांनो, मला दिगंबरपंतांनी पुसले, चाळीने गोड केले, एका फुली पुसणाऱ्या हाताने वाचवले. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझे मागणे थोडेच आहे. जुने काही टाकण्याआधी त्याने कोणाला तोलून धरले होते, ते विचारा. आणि आकडा समजला नाही तर घाबरून घरी जाऊ नका, शेजारच्या माणसाला विचारा.

इथे औषध पुरे झालेल्या प्रत्येकाच्या हातावर कुसुम गुळाचा खडा ठेवते. आनंदीचा खडा अजून डब्यात आहे. ती आज आली आहे, चपला काढते आहे.

हलू नकोस, पोरी. दांडी आडवी होते आहे.